कादंबरी ४६,००० शब्दांवर अडकली आहे. शेवटापर्यंत कशी न्यावी?

अर्धविराम

कादंबरीचा पहिला खर्डा चालू आहे. ठरवलेली लांबी ८०,००० शब्द, झाले ४६,०००. बावीसपैकी तेरा प्रकरणं हातावेगळी झाली आहेत. पहिले ३०,००० शब्द तीन महिन्यांत झाले, पुढच्या १६,००० ना सहा महिने लागले, आणि गेल्या पाच आठवड्यांत नवं एक पानही नाही.

वेळेची अडचण नाही. आठवड्यातले पाच दिवस सकाळी ६ ते ७:३० हा वेळ फक्त लेखनाचा आहे. शेवट काय होणार तेही ठरलेलं आहे. पण फाइल उघडली की पहिली तीन प्रकरणं घासण्यातच तास जातो. पुढे गेलं तर एखादा तपशील बघायला नेटवर जाणं होतं आणि तिथून परत येणं होत नाही. मन लागत नाही आणि उमेदही टिकत नाही. हे पुस्तक पूर्ण करायचंच आहे. नेमकं काय करावं, पायरीपायरीने सांगाल का?

समास

उमेद कमी पडते हे लक्षण आहे. कारण बहुतेक वेळा मजकुरात सापडतं. अडकण्याची जागा बघा: निम्म्याच्या जरा पुढे. सुरुवातीला लेखक पेरणी करत असतो, रोज नवं माणूस, नवी जागा, नवं भांडण आणता येतं. निम्मं झाल्यावर ती मुभा संपते आणि पेरलेल्याचा हिशेब द्यायची वेळ येते. ज्याचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नाही, तिथे हात थांबतो. शेवट ठाऊक असून भागत नाही. चौदाव्या प्रकरणापासून तिथपर्यंतच्या पायऱ्या ठाऊक असाव्या लागतात.

म्हणून आधी गाठ शोधा. झालेल्या मजकुराची छापील प्रत काढा. पानाला २५० शब्द धरले तर १८४ पानं होतात. मिनिटाला २०० शब्दांच्या संथ वेगानेही चार तासांच्या आत वाचून होतात, म्हणजे तुमच्या तीन सकाळी. हातात पेन घ्या, पण वाक्य सुधारायला नाही. समासात तीनच खुणा करायच्या: इथे कंटाळा आला, इथे पटलं नाही, इथे पेरलेलं पुढे उगवलेलं नाही.

मग प्रसंगवही. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ: क्रमांक, कोणाच्या नजरेतून, त्या माणसाला काय हवंय, शेवटी काय बदललं, किती शब्द. ‘काय बदललं’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वही भरल्यावर साधारण अशा दोन ओळी सापडतात:

२९. थोरली बहीण. धाकट्याकडून घराचे कागद काढून घ्यायचेत. तो देत नाही. १,४०० शब्द.
३१. थोरली बहीण. पुन्हा कागद मागते. तो पुन्हा देत नाही. १,१०० शब्द.

दुसऱ्या ओळीत काहीच बदललेलं नाही. लिहिताना हे जाणवत नाही, कारण संवाद वेगळे असतात, जागा वेगळी असते, पाऊसही पडत असतो. पण तिसाव्या प्रसंगाच्या आगेमागे लेखनाचा वेग का मंदावला याचं उत्तर इथेच असतं: गोष्ट जागच्या जागी चालत होती. उपाय एकोणतिसाव्यातच करावा लागतो. तिथे त्याला कागद देऊ द्या, पण त्यातलं एक पान नसू द्या. आता एकतिसाव्या प्रसंगाला स्वतःचा प्रश्न मिळाला, आणि बहिणीला कागदांऐवजी माणसावर संशय घ्यावा लागतो.

एकतिसावा प्रसंग आत्ता पुन्हा लिहू नका. वहीत बदल नोंदवा आणि बदल झालाच आहे असं धरून चौदावं प्रकरण सुरू करा.

शेवटी पुढची वही. नऊ प्रकरणं, प्रकरणाला तीन प्रसंग, म्हणजे सत्तावीस ओळी. शेवटच्या प्रसंगापासून उलटं यायचं: हे घडायला त्याच्या आधी काय घडलेलं असावं लागेल? त्याच्या आधी? उलट येताना पोकळ जागा लगेच उघड्या पडतात. पुढच्या पाच प्रसंगांच्या ओळी पक्क्या असल्या की लिहायला बसा. उरलेल्या बावीस कच्च्या राहिल्या तरी चालतात, त्या बदलणारच आहेत.

दौत

समास यांनी मजकुराचं सांगितलं, मी त्या दीड तासाबद्दल सांगतो. ‘लिहायला बसणे’ हे एकच काम समजलं की ९० मिनिटं हातातून निसटतात. त्यांचे तुकडे पाडा: १० मिनिटं वाचन, २५ लेखन, ५ उठणं, २५ लेखन, ५ उठणं, १५ लेखन, शेवटची ५ उद्यासाठी टिपण.

वाचन म्हणजे काल लिहिलेले शेवटचे ३०० शब्द, त्याच्या मागे नाही. पहिली तीन प्रकरणं घासायची सवय मोडायची तर ती समोर येताच कामा नयेत. दर प्रकरणाची वेगळी फाइल करा, झालेली तेरा प्रकरणं ‘झालेलं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि सकाळी फक्त चौदावी फाइल उघडा. एकच मोठी फाइल पहिल्या पानावर उघडते, नजर पहिल्या परिच्छेदावर पडते आणि हात आपोआप सुधारायला लागतो. ‘मी सुधारणार नाही’ असा निश्चय रोज करण्यापेक्षा फाइल एकदा वेगळी करणं सोपं.

तपशील अडला तर नेटवर जायचं नाही. जागेवर @@ टाका आणि पुढे चला: ‘तो @@ किती वाजताची गाडी धरून निघाला.’ खर्डा संपल्यावर @@ शोधलं की सगळ्या जागा एका झटक्यात मिळतात. नेहमीच्या मजकुरात कधीच न येणारं चिन्ह निवडा, म्हणजे चुकीचं काही सापडत नाही. त्यातले बरेच तपशील मुळात लागतच नाहीत, कारण तोवर तो प्रसंगच बदललेला असतो. ज्या तपशिलावर कथानक उभं आहे तो मात्र आधी बघावा, आणि तोही लेखनाच्या वेळात नाही. दुपारी किंवा रात्री वेगळा अर्धा तास त्यासाठी ठेवा.

फोन दुसऱ्या खोलीत, वेळ लावायला साधं घड्याळ. फोनवर वेळ लावला की बघायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि मग तो हातातच राहतो. लिहिताना दुसरं काही आठवलं (बिल, निरोप, नवं कथानक) तर शेजारच्या कागदावर चार शब्द लिहून परत यायचं.

शेवटच्या पाच मिनिटांचं टिपण चुकवू नका. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात असं दिसलं की काम सोडताना आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर काय करायचंय हे लिहून ठेवलं तर ही ओढ कमी होते. कादंबरीत त्याचा दुहेरी फायदा: दिवसभर डोकं मोकळं राहतं आणि सकाळी कोरं पान समोर येत नाही. टिपण नेमकं हवं. ‘उद्या: भेटीचा प्रसंग’ याने काही होत नाही. ‘उद्या: दार उघडंच आहे, आत पंखा चालू, माणूस नाही. टेबलावर त्याचा चष्मा दिसतो तेव्हा ती घाबरते, कारण चष्म्याशिवाय तो जिना उतरू शकत नाही.’ एवढं लिहिलेलं असेल तर सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी पहिलं वाक्य उमटलेलं असतं.

जमेल तेव्हा प्रसंगाच्या मधेच थांबा. प्रकरण पूर्ण करून उठलं की समाधान मिळतं खरं, पण दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करावी लागते, आणि सुरुवातीलाच सगळ्यात जास्त जोर लागतो.

पानोपानी

वरच्या दोन्ही सल्ल्यांशी बरंच सहमत, एक धोका सांगते. छापील प्रत वाचण्याला मुदत घाला. तीन सकाळींच्या पाच झाल्या तर समजावं की वाचनाच्या नावाखाली सुधारणा चालू आहे. प्रसंगवहीचंही तेच. रंगीत पेनं, तक्ते, पात्रांच्या कुंडल्या यांत पंधरा दिवस सहज जातात आणि कादंबरी आहे तिथेच राहते. वाचन आणि वही मिळून दोन आठवडे, त्याहून एक दिवस जास्त नको.

आता आकड्यांचं. ८०,००० हा आकडा कुठून आला ते तपासा. इंग्रजी पुस्तकांच्या सल्ल्यातून आला असेल तर तो मराठीला जसाच्या तसा लागू होत नाही. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. ‘घरापासून’ हा एक शब्द, इंग्रजीत त्याला दोन-तीन लागतात. म्हणजे तेवढाच ऐवज मराठीत कमी शब्दांत बसतो. तुमची झालेली प्रकरणं सरासरी ३,५०० शब्दांची आहेत. उरलेली नऊ त्याच मापाची झाली तर ३१,५०० शब्द पुरतात. पुस्तक ७२,००० वर संपलं तर ते संपलंच, वर भर घालू नका.

दिवसाला ४५० शब्द धरा. ३१,५०० भागिले ४५० म्हणजे ७० सकाळी, पाच दिवसांच्या आठवड्याने १४ आठवडे. आजारपण, पाहुणे, प्रवास यांसाठी आणखी तीन. एकूण १७ आठवडे. ही तारीख कागदावर लिहून भिंतीला लावा. ‘दिवसाला हजार’ असं ठरवू नका. पहिल्या आठवड्यात जमतं, दुसऱ्यात दोन दिवस चुकतात, तिसऱ्यात थकबाकी चार हजारांवर जाते आणि थकबाकीच्या धाकाने फाइल उघडणंच बंद होतं. चुकलेल्या दिवसाचे शब्द पुढच्या दिवसावर कधीच चढवू नयेत, ते आठवडे त्यासाठीच राखून ठेवले आहेत.

वाईट दिवसासाठी वेगळं माप असावं: १० मिनिटं किंवा १०० शब्द, जे आधी होईल ते. ते झालं की उठायची मोकळीक. आणि ‘जेव्हा अमुक, तेव्हा तमुक’ अशा साच्यात ते आधीच लिहून ठेवा: ‘जेव्हा सहा वाजता झोप पूर्ण झालेली नसेल, तेव्हा फक्त संवाद लिहीन, वर्णन नाही.’ मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी नुसता संकल्प आणि अशी बांधलेली कृती यांतला फरक अभ्यासला आहे. प्रसंग आणि कृती आधीच जोडलेली असली की ऐनवेळी ठरवत बसावं लागत नाही, म्हणून ती जास्त वेळा पार पडते.

नोंदीसाठी अँथनी ट्रोलोप या इंग्रज कादंबरीकाराची पद्धत आजही उपयोगी आहे. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला बसायचा. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचा, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. किती पानं झाली ते रोज वहीत नोंदवायचा. त्याचा वेग घेऊ नका, वही घ्या. तारीख, मिनिटं, शब्द, एवढेच तीन रकाने. तीन आठवड्यांची वही बघितली की तुमचा खरा वेग कळतो, आणि भिंतीवरची तारीख त्याप्रमाणे एकदा, फक्त एकदाच, बदलावी.

अर्धविराम

खूप नेमकं सांगितलंत, तिघांचेही आभार. तेराव्या प्रकरणात ‘पुन्हा मागते, पुन्हा देत नाही’ याच जातीचे दोन प्रसंग आहेत, वही न करताही दिसले. दोन गोष्टी राहिल्या. झालेला भाग आत्ता कोणाला वाचायला द्यावा का? आणि नवं कथानक जास्त चांगलं वाटतं त्याचं काय?

दौत

आत्ता देऊ नका. अर्धा मजकूर वाचणारा माणूस वाक्यांबद्दल आणि पहिल्या प्रकरणांबद्दल बोलतो, कारण पुढचं त्याच्यासमोर नसतं. त्याच्या सूचना घेऊन तुम्ही परत पहिल्या तीन प्रकरणांत जाल. ‘छान आहे’ म्हणाला तरी नुकसानच होतं, कारण शाबासकी काम संपायच्या आधी मिळते. कोणाला काही द्यायचंच असेल तर दर शुक्रवारी फक्त आठवड्याचा आकडा कळवा.

पूर्ण खर्डा झाल्यावर तीन जणांना द्या आणि तीनच प्रश्न विचारा: कुठे वाचणं थांबवावंसं वाटलं, कुठे गोंधळ झाला, कोणाचं वागणं पटलं नाही. तिघांपैकी दोघांनी एकच जागा दाखवली तर तिथे नक्की काहीतरी आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असं नाही, जागा बरोबर असते आणि उपाय बऱ्याचदा चुकीचा.

समास

नव्या कथानकाबद्दल: ते चांगलं वाटतं कारण त्याची अजून पेरणीच चालू आहे. त्याला एक पान द्या. माणसं कोण, अडचण काय, कुठे घडतं, आणि कागद पाकिटात. या कादंबरीतला एखादा कंटाळवाणा धागा त्या कल्पनेने जिवंत होतो का, तेही एकदा बघा. कधीकधी ती दुसरी गोष्ट नसतेच, याच गोष्टीची राहिलेली बाजू असते.

आणि ‘संपला’ म्हणजे काय ते आजच ठरवा, नाहीतर शेवटच्या प्रकरणानंतर पुन्हा घासणं सुरू होईल. पहिला खर्डा संपला म्हणजे पुढच्या वहीतला सत्ताविसावा, म्हणजे शेवटचा, प्रसंग लिहून झाला. @@ तसेच असतील, एकतिसावा प्रसंग जुनाच असेल, धाकट्याचं नाव दोन प्रकरणांत वेगळं असेल, तरी संपला. त्या दिवशी फाइलच्या तीन प्रती करा: संगणकावर, पेनड्राइव्हवर आणि ऑनलाइन. नावात तारीख घाला. मग चार आठवडे ती उघडू नका. पाचव्या आठवड्यात दुरुस्तीची वही घेऊन बसा आणि पहिलं काम एकतिसाव्या प्रसंगाचं करा.