मदत हवी आहे: हेझल क्रीकचं जुनं नकाशा-शीट आजच्या जमिनीच्या उठावावर बसत नाही

उत्तर कॅरोलायनात, ग्रेट स्मोकी डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर हेझल क्रीक या ओढ्याच्या काठी प्रॉक्टर हे गाव होतं. १९४४ मध्ये फोंटाना धरणात पाणी साठलं, खालचा रस्ता बुडाला आणि वस्ती उठली. यूएसजीएसचं (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण) जुनं ‘नांटाहाला’ शीट (१:१,२५,०००) चार कोपरे देऊन क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार) बसवलं. ओढा आजच्या लायडार (विमानातून लेसरने मोजलेल्या) उठावावर दोन-तीनशे मीटर सरकून थेट धारेवर चढतो. डेटमचा घोळ आहे का? शिवाय लाकूड कंपनीची (रिटर) रेल्वेही शीटवर दिसत नाही.

‘रेखांश’ या सदस्याचं उत्तर: डेटमवर खापर फोडू नका. अक्षांश-रेखांश टाकले असतील तर एनएडी २७ या जुन्या अमेरिकी डेटमचा फरक तिथे पन्नास मीटरही होत नाही. (यूटीएम, म्हणजे मीटरमधले निर्देशांक टाकले तर उत्तरेकडे सुमारे २०० मीटर, ते वेगळं.) शीट पॉलिकोनिक प्रक्षेपणात आहे (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची एक रीत). अर्ध्या अंशाच्या त्या चौकटीची वरची कड खालच्यापेक्षा सुमारे २८० मीटरने आखूड, त्यामुळे रेषीय रूपांतरात प्रत्येक कोपरा ७० मीटरच्या आसपास चुकतो. चार कोपऱ्यांऐवजी १० मिनिटांच्या जाळ्याचे १६ छेद घ्या, सीआरएस (निर्देशांक प्रणाली) ईपीएसजी ४२६७, म्हणजे एनएडी २७, आणि रूपांतराचा प्रकार पॉलिनॉमिअल २. कागद आक्रसल्याचा दोषही यात बराच निघतो.

‘धारकरी’ या सदस्याचं उत्तर: उरलेली चूक मात्र सर्वेक्षणाचीच. प्लेन टेबलवर (जागेवरच नकाशा काढायचा तिपाई-फळा) थोडे बिंदू पक्के करून मधला डोंगर नजरेने काढलेला असे. १ मिमी म्हणजे १२५ मीटर. त्यामुळे जाळं जुळलं की खिंडी आणि ओढ्यांचे संगम पडताळा. फक्त १७१० फुटांच्या वरचे संगम घ्या, खालचे जलाशयात गेलेत. प्रॉक्टर शीटच्या उत्तर कडेजवळ आहे, वरच्या खोऱ्यासाठी ‘नॉक्सव्हिल’ शीटही लागेल. दोन्ही आधी वेगवेगळी बसवा, मग जोडा. उलट केलंत तर शिवणीवर ओढा तुटतो.

रेल्वेबद्दल: समासात सर्वेक्षणाचं साल बघा, पुनर्मुद्रणाचं नव्हे. रिटर कंपनी १९०७ च्या सुमारास आली, १९२८ ला गेली. सर्वेक्षण त्याआधीचं असेल तर रूळ कुठून येणार? टीव्हीएसाठी (टेनेसी खोऱ्यात धरणं बांधणारी सरकारी संस्था) १९३० च्या दशकात काढलेलं १:२४,००० चं ‘टस्कीजी’ शीट शोधा. त्यात समोच्च रेषा नाहीत, पण रस्ते आणि घरं हवाई छायाचित्रांवरून घेतलेली आहेत. रूळमार्ग लायडारच्या हिलशेडमध्येही (उठावाचं सावल्या दाखवणारं चित्र) सापडतो: ओढ्याला धरून मंद, एकसारख्या चढाची अरुंद पायरी. घरांची उंची जुन्या शीटवरून काढू नका, १०० फुटांच्या अंतराने रेषा आहेत.