मदत हवी आहे: खेकडे धरायला रात्री ओढ्यावर जायचंय, पण बिबट्याची भीती मनातून जात नाही

नमस्कार मंडळी.

मृग लागला, आमच्याकडे दोन चांगले पाऊस झाले आणि दर वर्षीसारखा गावाहून चुलतभावाचा फोन आला, "खेकडं निघाल्यात, शनिवारी येतोस ना?" मी "बघतो" म्हणालो. या फोनला मी आजवर कधीच "बघतो" म्हटलेलं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

मी पुण्यात वारज्याला राहतो, वय ४१. गाव वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या मागच्या अंगाला. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण तोंडात वेल्हंच येतं.) भाताची चार खाचरं, वर नाचणीची वरकस जमीन आणि तिच्यापलीकडे रान. घरापासून पंधरा मिनिटांवर ओढा आहे. पहिल्या पावसाचं पाणी बिळांत शिरलं की खेकडे बाहेर येतात आणि रात्री दगडांवर, काठाच्या गवतात फिरत असतात. बॅटरीचा झोत पडला की जागच्या जागी थबकतात. मागून पाठीवर अंगठा आणि दोन बोटं अशी चिमट धरायची, म्हणजे नांगी हातापर्यंत पोचत नाही. उलटा करून पोट बघायचं. पोटाचा पडदा रुंद असला तर मादी, निमुळता असला तर नर. मादीच्या पडद्याखाली अंडी किंवा मोहरीएवढी पिल्लं असली की परत पाण्यात सोडायची. हे मला दादांनी, म्हणजे वडिलांनी शिकवलं. मी नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्यामागे गोणी घेऊन जात होतो.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. जूनचा तिसरा आठवडा, रात्रीचे साडेनऊ-दहा झाले असतील. चुलतभाऊ वरच्या डोहाकडे गेला होता, मी खाली एकटाच. ओणवा होऊन एक दगड उचलला, खाली चांगला पंजाएवढा नर होता, तो धरला. वर बघितलं तर पलीकडच्या काठावर, कारवीच्या कडेला दोन डोळे चमकले. आधी वाटलं गुरं असतील. मग झोत थोडा खाली गेला आणि छातीवरचे ठिपके दिसले. मधे ओढा, फार तर तीस फुटांचं अंतर. ते बसलेलं होतं. पळालं नाही, गुरगुरलं नाही, नुसतं माझ्याकडे बघत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ते उठलं आणि पाठ फिरवून शांतपणे झाडीत गेलं.

मी खेकडा सोडलाच नव्हता. त्याने अंगठ्यात नांगी रुतवली होती, हे घरी आल्यावर रक्त बघून कळलं. तो वण अजून आहे.

बस, एवढंच. काही झालं नाही. पण त्यानंतर मी रात्री ओढ्यावर गेलेलो नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा संध्याकाळी खाचराच्या बांधापर्यंत गेलो आणि परत फिरलो. छातीत धडधड, हाताला घाम आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाठीमागे कोणीतरी आहे असं सारखं वाटत राहणं. पाला वाजला तरी मान वळते. वारज्यात रात्री सोसायटीच्या मागच्या अंधाऱ्या रस्त्याने येतानाही आता तसंच होतं.

बिबट्या शक्यतो माणसाला टाळतो, हे मला ठाऊक आहे. आमच्या भागात तो पूर्वीपासून आहे. दादा रानात गेल्यावर त्याचं नाव घेत नसत, "मोठं जनावर" म्हणत. पावसाळ्याच्या तोंडाला वाघजाईला नारळ फोडल्याशिवाय ओढ्यात पाय घालत नसत. हे सगळं मी शहरातल्या मित्रांना समजावून सांगत आलोय. पण बांधावर उभं राहिलं की पोटात गोळा येतो तो येतोच.

घाई असण्याचं कारण सांगतो. दादा आता ७४ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, त्यांना ओढ्यावर जाता येत नाही. नांग्या पाट्यावर ठेचून, पाण्यात कालवून, गाळलेल्या रसाचं कालवण त्यांना वर्षातून एकदा तरी हवं असतं. बाजारातून आणलेल्या खेकड्यांचं केलं तर दोन घास खातात आणि ताट सरकवतात. आणि माझा मुलगा सातवीत आहे, या वर्षी मी येणारच म्हणतोय. त्याला नेऊ की नको, हेही मला ठरवता येत नाही. माझी भीती त्याच्या अंगात उतरू नये, आणि माझ्या हट्टापायी त्याला धोकाही होऊ नये.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, यात खरा धोका किती आणि तो कमी करायला नेमकं काय करायचं? दोन, ही जी भीती अंगात बसली आहे ती कोणाची अशी गेली असेल, तर कशी गेली? "घाबरू नका, काही होत नाही" असं कृपया सांगू नका. ते घरचे वर्षभर सांगताहेत.

---

रानपाऊल:

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मी बरीच वर्षं बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर प्राणीगणनेला बसतोय, तेवढ्या अनुभवावर लिहितो.

तुमच्या गोष्टीत मला एक शब्द महत्त्वाचा वाटला, "ओणवा". उभा माणूस बिबट्याच्या नेहमीच्या सावजासारखा दिसत नाही. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस उंचीने भेकराएवढा किंवा वासराएवढा होतो. उसात खुरपणी करणारे, शौचाला बसलेले, लहान मुलं यांना जास्त धोका असतो तो यामुळेच. आणि खेकडे धरणं म्हणजे तासन् तास ओणवं राहणंच. त्यात ओढ्याचा खळखळाट. तुम्हाला त्याची चाहूल लागत नाही आणि त्यालाही तुमची लागत नाही, मग दोघं एकदम समोरासमोर येता. तुमच्या बाबतीत बहुतेक हेच झालं. ते पाण्यावर आलं असेल, हा हलणारा उजेड काय आहे ते कळेना म्हणून बसून राहिलं. तुम्ही उभे राहिलात तेव्हा माणूस आहे हे त्याला कळलं आणि ते निघून गेलं.

म्हणजे तुमची भीती खोटी नाही. एकटं जाणं, वाकलेलं राहणं आणि आवाज न करणं, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्या तोडा. कमीत कमी चौघं जा. जोडी करा, एक ओणवा असेल तेव्हा दुसरा त्याच्या पाठीशी उभा. उभ्या माणसाने खेकडे बघायचेच नाहीत, झोत चहूकडे फिरवत राहायचा. मोठ्याने बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा. खेकड्यांना उजेड आणि पाण्यातला पाय कळतो, तुमच्या गप्पांनी ते पळत नाहीत.

कुत्रा नेऊ नका. पुष्कळ जण राखण म्हणून नेतात, पण कुत्रा हे बिबट्याचं आवडतं खाणं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

परत दिसलाच तर पाठ दाखवू नका, पळू नका, खाली बसू नका. हात वर करून मोठं दिसायचं, जोरात बोलायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. त्याची जायची वाट अडवायची नाही. पिल्लं दिसली किंवा अर्धवट खाल्लेलं जनावर पडलेलं दिसलं तर त्या रात्री खेकडे राहू द्या, घरी या.

आणि चमकलेला प्रत्येक डोळा बिबट्याचा नसतो. उदमांजर, रानमांजर, भेकर, गाय, सगळ्यांचे चमकतात. कोळ्याचेसुद्धा चमकतात, गवतात हिऱ्याच्या कणीसारखे. दिवसा ओढ्यावर जाऊन काठच्या ओल्या मातीत ठसे बघा. कोण कोण येतं ते कळलं की अंधारात प्रत्येक आवाजाला बिबट्या म्हणावंसं वाटत नाही.

---

उसाचीकड:

दादा, मी जुन्नर तालुक्यातली. आमच्याकडे बिबट्या रानात नाही, उसात राहतो, तिथंच वितो. तोडणीला फडात पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं ती त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र आमच्यापासून जवळच. शेतीची लाइट रात्रीची असली की उसाला पाणी द्यायला जावंच लागतं, भीती वाटली म्हणून पीक थांबत नाही.

माझे सासरे काठीला घुंगरं बांधून जायचे. आता मालक मानेला जाड मफलर गुंडाळतात आणि खिशात मोबाइलवर भजन लावतात. मी सोबत जाते तेव्हा बांधावर उभी राहून नुसती बोलत असते, आज काय भाजी केली, कोणाचं लग्न ठरलं, काहीही. मला भीती वाटत नाही असं नाही. लेकराबाळांवर हल्ले झालेत आमच्या भागात, त्या घरांचं दुःख आम्ही डोळ्यांनी बघितलंय. म्हणून एक कळकळीने सांगते, मुलाला यंदा रात्री नेऊ नका. दिवसा न्या. लहान मुलाची उंचीच मुळात कमी, त्यात तो वाकणार, पुढे पळणार. थोडा मोठा झाला की न्या, तोवर दादांकडून धरायचं कसं ते शिकू दे.

आणि नारळ फोडायचं सोडू नका. त्याने बिबट्या जातो असं मी म्हणत नाही, पण हात जोडून निघालं की आपण सावध निघतो.

---

ताम्हिणीघाट:

दोन मुद्दे, थोडक्यात. तुमचा ओढा अभयारण्याच्या हद्दीत येत नाही ना, हे वनरक्षकाला विचारून घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथे खेकडासुद्धा धरता येत नाही. वनविभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ फोनमध्ये ठेवा.

दुसरं, बिबट्याच्या नादात साप आणि पाणी विसरू नका. देशात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. ओढ्याच्या दगडांत फुरसं असतं, काठाच्या फांदीवर हिरवा चापडा बसलेला असतो. बिळात हात घालायचा नाही, पायांत गमबूट हवेत. आणि वर डोंगरात पाऊस असेल तर आपल्याकडे चांदणं असलं तरी ओढ्याला लोंढा येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या वाहून यायला लागल्या की त्याच क्षणी काठावर.

---

संथवाहते:

मी रानातली नाही, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर सांगू शकते. चार वर्षांपूर्वी घाटात आमच्या गाडीला अपघात झाला, कोणाला फारसं लागलं नाही, पण पुढे सात-आठ महिने मी गाडीत पुढच्या सीटवर बसू शकत नव्हते. समुपदेशकांनी एक गोष्ट सांगितली ती मला उपयोगी पडली: तुम्ही परत फिरता तेव्हा सुटल्यासारखं वाटतं ना, त्या सुटकेनेच भीती पक्की होते. दिवाळीत तुम्ही बांधावरून परत फिरलात, तेव्हा शरीर इतकंच शिकलं की परत फिरलो म्हणून वाचलो.

म्हणून एकदम रात्रीच्या ओढ्यावर जाऊ नका. आधी दुपारी जा आणि तिथेच बसा. धडधड सुरू झाली तर उठू नका, श्वास सावकाश सोडत राहा, ती आपोआप उतरते. उतरल्यावरच निघा, चढलेली असताना नाही. दुसऱ्या वेळी तिन्हीसांजेला, मग अंधार पडल्यावर चौघांबरोबर बांधापर्यंत. माझ्या बाबतीत प्रत्येक पायरीला दोन-तीन खेपा लागल्या. आणि वारज्यातल्या रस्त्यावरही असंच होतंय म्हणता, तर एकदा समुपदेशकाला जरूर भेटा. ही सवय पसरत जाते.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं मुलाबद्दलचं वाचलं आणि प्रश्न सुटला. रात्री नेणार नाही.

कालच गावाहून आलो. रविवारी दुपारी मुलाला घेऊन त्याच जागेवर गेलो. दगडाशी पोचल्यावर धडधड सुरू झाली. उठलो नाही. घड्याळ लावून बसलो होतो, बावीस मिनिटांनी हात कोरडे झाले. तोवर मुलाने पलीकडच्या काठावर ठसे शोधून काढले, भेकराचे खूर आणि एक गोल पंजा, नखांची खूण नसलेला. तो बघून मला परत घाम फुटला, पण मुलगा शांतपणे त्याच्याशेजारी स्वतःचा तळहात ठेवून माप घेत होता. दगडाखाली एक मादी मिळाली, पोटाखाली पिल्लं होती, ती त्यानेच सोडली. घरी येऊन दादांना पंजा किती मोठा ते हाताने दाखवलं, तर दादा म्हणाले, "नर न्हाई, मादी आसंल. पायवाट तिचीच हाय ती."

वनरक्षकाला भेटलो, ओढा अभयारण्याबाहेर आहे. येत्या शनिवारी तिन्हीसांजेला बसायचं आणि जमलं तर अंधार पडल्यावर बांधापर्यंत. चुलतभाऊ आणि वाडीतले दोघं असे चौघं आहोत. समुपदेशकांची वेळही घेतली आहे.

एकच विचारायचं राहिलं. उभ्या राहणाऱ्या माणसासाठी लांब झोताची हातबॅटरी घेतोय, ओणव्या माणसासाठी डोक्याला लावायची. डोक्याची बॅटरी पावसात टिकेल अशी, गावात लाइट नसली तरी सेल बदलता येतील अशी कोणी वापरली आहे का? चार्जिंगवाली दोनदा ऐन वेळी बंद पडली आहे.