खाली पडलेलं उचलून खायचं का? (घरात रांगणारं बाळ आहे)

चिऊताई:
नमस्कार मंडळी, विषय जरा फालतू वाटेल पण आमच्याकडे यावरून रोज वाजतंय म्हणून धागा काढला. लेक दहा महिन्यांची आहे, भरभर रांगते आणि हातातलं खाली टाकायचं आणि तेच उचलून तोंडात घालायचं हा सध्याचा आवडता उद्योग. साबा (सासूबाई) म्हणतात काही होत नाही, फुंकर मारून द्यावं, आमची पोरं अशीच वाढली. नवरोबा पाच सेकंदाचा नियम सांगतो, म्हणजे पडल्यावर पाच सेकंदात उचललं तर चालतं म्हणे. माझा जीव वरखाली होतो आणि मी सगळं टाकून देते, मग अन्न वाया घालवते म्हणून पुन्हा बोलणी. घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, मावशी रोज पुसतात, चपला दाराबाहेरच असतात. खरं काय ते कोणी नीट सांगेल का?

टवाळ_आत्मा:
आमच्या घरचा नियम: चकली पडली तर पाच मिनिटं, दुधीची भाजी पडली तर शून्य सेकंद.

लॅबवाला:
मी फूड मायक्रोबायोलॉजी शिकलोय आणि सध्या दुधाच्या प्लांटमध्ये क्वालिटीला आहे, त्यामुळे हा माझा आवडता विषय, लांबण लागली तर सरळ स्क्रोल करा.

आधी ते पाच सेकंद. २००३ मध्ये अमेरिकेत जिलियन क्लार्क नावाच्या शाळकरी मुलीने इलिनॉय विद्यापीठात इंटर्नशिप करताना हे तपासून बघितलं. गंमत अशी की तिने आधी विद्यापीठातल्याच फरश्यांचे नमुने घेतले तर जंतू सापडायचीच मारामार, मग मुद्दाम टाइल्सवर ई. कोलाय (आतड्यात राहणारे जंतू) पसरवले आणि त्यावर बिस्किटं आणि जेलीच्या गोळ्या टाकल्या. पाच सेकंदांच्या आत जंतू चिकटले. याबद्दल तिला २००४ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीशीर बक्षीस. बातम्यांमध्ये दुसरा भागच गाजला पण मला पहिला जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कोरडी आणि रोज ये-जा असलेली फरशी आपल्याला वाटते तेवढी भयंकर बरेचदा नसते.

नंतर क्लेमसन विद्यापीठात पॉल डॉसन यांच्या टीमने साल्मोनेला (अन्नातून जुलाब-ताप आणणारे जंतू) घेऊन टाइल, लाकूड आणि कार्पेटवर प्रयोग केले. त्यात दिसलं की हे जंतू कोरड्या पृष्ठभागावर चार आठवड्यांपर्यंत जिवंत राहतात आणि तेही अन्नाला चिकटतील इतक्या संख्येने. म्हणजे घास किती सेकंद खाली होता यापेक्षा त्या जागेवर महिन्याभरात काय काय सांडलं होतं ते विचारा. हॉलमधली फरशी वेगळी आणि ओट्याखालची, जिथे रविवारी चिकन धुतानाचं पाणी ठिबकलं ती वेगळी.

तिसरा प्रयोग २०१६ चा, रटगर्स विद्यापीठातल्या डोनाल्ड शाफनर यांचा. कलिंगड, ब्रेड, लोणी लावलेला ब्रेड आणि जेलीची गोळी हे चार पदार्थ, स्टील, टाइल, लाकूड आणि कार्पेट या चार जागा, वेळ एका सेकंदाहून कमी ते तीनशे सेकंद. अडीच हजारांहून जास्त मोजमापं केली लोकांनी, यालाही चिकाटी लागते. सगळ्यात जास्त जंतू कलिंगडाने उचलले, सगळ्यात कमी जेलीच्या गोळीने. वेळ वाढला की जंतू वाढतात हे बरोबर, पण काही वेळा एका सेकंदाच्या आतच काम झालेलं होतं. आणि कार्पेटवरून सगळ्यात कमी आले, जे कोणालाच खरं वाटत नाही.

सगळा खेळ ओलाव्याचा आहे. त्यामुळे तुमच्या नवरोबांना सांगा, सेकंद मोजू नका, पदार्थ बघा. चुरमुरा, खाकरा, मारी बिस्किट हे कोरड्या स्वच्छ फरशीवरून उचलून खाल्लं तर धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. आंब्याची फोड, वरणभात, गुलाबजाम पडला तर सोडून द्या. आणि 'रोज पुसतात' यावर फार जाऊ नका, सगळं घर एकाच बादलीच्या पाण्याने आणि त्याच फडक्याने पुसलं तर बाथरूमसमोरचं स्वयंपाकघरात येतं. किचनचं फडकं वेगळं ठेवा आणि ते उन्हात कडक वाळू द्या.

माळावरची_आजी:
आमच्या लहानपणी शेणाने सारवलेली जमीन, त्यावर पंगत बसायची, पडलेलं शीत न् शीत वेचून खायला लावायचे वडील. काही झालं नाही कोणाला. प्रसाद पडला तर उचलून कपाळाला लावून तोंडात, पायदळी जाऊ द्यायचा नाही एवढंच माहीत. आता पोरांना जरा धूळ लागली की सॅनिटायझर. अशाने प्रतिकारशक्ती कुठून येणार?

लॅबवाला:
आजी, अन्न टाकू नये याला शंभर टक्के अनुमोदन. पण 'कोणाला काही झालं नाही' हे जे राहिले ते सांगतात हो, त्या काळी हगवणीने किती लहान पोरं जायची ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. शेणात ई. कोलाय असतातच, सगळे वाईट नसतात पण सारवल्याने जमीन निर्जंतुक होत नाही.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल तर १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने मांडलं होतं की ज्या घरात भावंडं जास्त तिथे मुलांना गवताच्या परागांची अॅलर्जी कमी दिसते. त्यावरून घाण खा आणि निरोगी राहा असं कोणीतरी पुढे चिकटवलं. मातीत खेळू द्या, गोठ्यात जाऊ द्या, खुशाल. साल्मोनेला झाल्याने मुलगी कणखर होत नाही, सलाइन लागतं.

टवाळ_आत्मा:
आजींच्या शिताला मात्र +१. मंदिरात पडलेला पेढा मी आजही सोडत नाही, लॅबवाले बघत असले तरी.

परिचारिका_कोल्हापूर:
मी बालरोग वॉर्डमध्ये काम करते. सगळे जंतूंवर बोलतायत पण दहा महिन्यांच्या बाळाला जंतूंपेक्षा मोठा धोका वेगळाच. खाली पडलेला अख्खा शेंगदाणा, फुटाणा, डाळिंबाचा दाणा, सुपारीचं खांड, गोळ्यांच्या पाकिटातून निसटलेली बीपीची गोळी, रिमोटचा बटन सेल. हे श्वासनलिकेत अडकलं किंवा पोटात गेलं की धावाधाव. बटन सेल तर अन्ननलिका जाळतो, काही तासांत, गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, घरी उलटी करवत बसायचं नाही. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांच्या औषधांच्या डब्याखालची जागा रोज बघा. बाळाच्या उंचीवर येऊन एकदा हॉलभर रांगून बघा, काय काय दिसतं ते कळेल.

दुसरं, मुंग्या-झुरळांसाठी भिंतीच्या कडेने खडू मारतात ना, त्यात कीटकनाशक असतं. त्या पट्ट्यावर पडलेलं बिस्किट अजिबात नाही, एक सेकंदही नाही. फिनेलने नुकतीच पुसलेली ओली फरशी असेल तरी तेच.

बाकी तिने खेळताना फरशीवरचं बिस्किट चाटलं म्हणून रात्रभर जागू नका, ती तसेही हात चाटतेच. जुलाब, ताप, शौचात रक्त किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टर.

चिऊताई:
सगळ्यांना धन्स! नवऱ्याला लॅबवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो आता म्हणतो आपण घरात कार्पेट घालू 🙄 साबांना खडूचं सांगितलं तर त्यांनी स्वतःच सांगितलं की फ्रिजच्या मागे आणि देवघराच्या कडेने त्यांनीच मारलाय, आणि लेक नेमकी देवघरापाशीच घुटमळते. फुंकर मारणं मात्र चालूच राहणार असं दिसतंय. लॅबवाले, फुंकरीने खरंच काही होतं का? आणि टाइल्सच्या फटीत गेलेला खडू निघतो कशाने, मावशींनी दोनदा पुसलं तरी पांढरा दिसतोय.

लॅबवाला:
फुंकरीने धूळ आणि केस उडतात, जंतू जागचे हलत नाहीत, उलट तोंडातले दोन-चार जास्त मिळतात. धुता येण्यासारखं असेल, सफरचंदाची फोड वगैरे, तर नळाखाली चोळून धुवा, सगळं नाही पण बरंच जातं.

परिचारिका_कोल्हापूर:
भांड्याच्या साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. हातमोजे घाला, बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा, कोरडं झाडू नका नाहीतर पावडर उडते. नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसा आणि ते फडकं आणि ब्रश टाकून द्या. आणि फ्रिजमागचाही काढा, ती आठवड्याभरात तिथे पोचेल.