हाडाची पावडर नेमकी कशाची असते? (आईचं इम्प्लांट)

देवगडकरीण: आईची खालची दाढ काढून वर्ष झालं. इम्प्लांटसाठी (हाडात बसवायच्या कृत्रिम दातासाठी) स्कॅन काढला तर हाड जेमतेम 4 मिमी रुंद. डॉक्टर म्हणाले, आधी बोन ग्राफ्ट, म्हणजे हाड वाढवायला तिथे पावडर भरायची. आई माळकरी. तिचा पहिला प्रश्न, "पावडर कसली गं? गाईची नाही ना?" पुण्याचा भाऊ म्हणतो थांबा, आता स्टेम सेलने (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशींनी) हाड होतं. त्यात एका कंपनीचा फोन, मुलाचा दुधाचा दात आमच्याकडे साठवा. आम्ही तो कौलावर टाकणारी माणसं. काय करावं?

हिरड्यावाली (रत्नागिरी): मी पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांची डॉक्टर, जरा लांबण लावते. आईंची शंका रास्त आहे. बरीच पावडर खरंच गाईच्या हाडाची असते, सेंद्रिय भाग काढून टाकून नुसतं खनिज ठेवलेली. नको असेल तर कृत्रिम मिळते: बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सिॲपटाइट, नाहीतर लॅरी हेंच यांनी 1969 मध्ये शोधलेली बायोग्लास. पण वर जो पातळ पडदा अंथरतात तो पुष्कळदा डुकराच्या कोलॅजेनचा (कातडी-हाडांतल्या प्रथिनाचा) असतो. त्याबद्दल कोणी विचारतच नाही. तुम्ही विचारा.

पावडर म्हणजे पडवळाचा मांडव. चढायचं ते आईंच्याच पेशींनी आणि रक्तवाहिन्यांनी. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट लवकर विरतं, हायड्रॉक्सिॲपटाइट वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून दोन्ही मिसळून वापरतात.

दाताच्या मगजातल्या स्टेम सेल 2000 साली सापडल्या, दुधाच्या दातातल्या 2003 साली. उंदरांत या दुसऱ्या पेशी स्वतः हाड झाल्या नाहीत, उंदराच्याच पेशींना कामाला लावून त्यांनी हाड करून घेतलं. मला हे फार आवडतं! पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जबड्यासाठी असा उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि साठवणुकीला परवानगी होती ती फक्त नाळेच्या रक्ताच्या. दात खुशाल कौलावर टाका. भावाला सांगा, थांबून हाड वाढत नाही, झिजतंच. आणि पेशंटचंच रक्त यंत्रात फिरवून काढलेलं पीआरएफ (प्लेटलेट्सनी भरलेली फायब्रिनची गुठळी) कोणी स्टेम सेल म्हणून विकायला लागला तर तिथून उठा.

आईंना मधुमेह? मिश्री?

वेंगुर्ल्याचो दर्यो: समुद्रफेसापासून पण हाड करतत म्हणे, खरा काय? आमच्या किनाऱ्यार तो खूप गावता. आम्ही पोपटाक घालतो.

हिरड्यावाली: खरं आहे. म्हाकुलाच्या पाठीतला तो पांढरा तुकडा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि बहुतेक पोकळच. फॉस्फेटच्या द्रावणात सुमारे 200 अंशांवर दाबाखाली ठेवला की पोकळ्या तशाच राहून त्याचं हायड्रॉक्सिॲपटाइट होतं. प्रवाळावर हे 1974 मध्येच करून दाखवलं होतं. माळकऱ्यांना मात्र म्हाकूलही चालायचं नाही! आणि वाळूतला समुद्रफेस उगाळून हिरड्यांना लावू नका, तसेही पेशंट येतात.

देवगडकरीण: मधुमेह नाही. मिश्री आहे. माळ घातली, मासे सोडले, ती काही सुटत नाही.

हिरड्यावाली: मग आधी तिचं बघा. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, जखम भरत नाही, टाके उसवले की पावडर बाहेर आणि पैसे पाण्यात. ग्राफ्टच्या आधीपासून बंद हवी, नंतरही. डॉक्टरांपासून लपवू नका, तारीख तेच ठरवतील.