मदत हवी आहे: आयल ला मॉटचा फॉसिल रीफ, सोबत वयस्कर बाबा

मंडळी, अमेरिकेत व्हरमाँट राज्याच्या साइडला कोणी राहतं का किंवा जाऊन आलंय का? लेक शँप्लेनमधल्या आयल ला मॉट बेटावर चेझी फॉसिल रीफ (समुद्री जिवांनी रचलेला, आता दगड झालेला खडकाळ थर) आहे, जवळपास ४८ कोटी वर्षं जुना, म्हणजे हा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला उथळ उबदार समुद्रात होता तेव्हाचा, तो बाबांना दाखवायचाय. ते भूगोलाचे शिक्षक होते, पण पुण्यात आयुष्यभर बेसॉल्टच (ज्वालामुखीचा काळा खडक) बघितला, समुद्री जीवाश्म प्रत्यक्ष कधीच नाही, त्यामुळे माझी फार इच्छा आहे.

प्रश्न असा की बाबांचे गुडघे दुखतात. हा रीफ बेटावर गुडसेल रिज आणि फिस्क क्वारी (जुनी दगडखाण) अशा दोन जागी बघता येतो. गुडसेल रिजला गवतातून चालत उघड्या खडकांपर्यंत जावं लागतं म्हणे, तर वाट कितपत सपाट आहे, मध्ये बसायला काही आहे का? फिस्क क्वारीत कापलेल्या भिंतीत स्ट्रोमॅटोपोरॉइडचे (स्पंजसारखे नामशेष समुद्री जीव) थर दिसतात, कोबी मधोमध चिरल्यासारखे, शिवाय गोगलगायींची मोठी वेटोळीही. ती जवळून बघता येतात ना? एकच जमणार असेल तर आधी कुठे नेऊ? खडक ओला असला की फॉसिल जास्त उठून दिसतात असं ऐकलंय, पण घसरायची भीती वाटते. सप्टेंबरात डास कमी असतात का? दगड उचलायला बंदी आहे ते माहितीये, फक्त बघायचंय. प्लीज सांगा.