शब्दचर्चा: झाडोऱ्याचं ‘स्थलांतर’ होतं का?

पंचगंगाकाठ: कोल्हापूर जिल्ह्यातल्या झाडोऱ्यावर कॉलेजच्या प्रदर्शनासाठी माहितीफलक लिहिते आहे. एका वाक्यापाशी गाडं अडलंय: ‘हवामानबदलामुळे प्रादेशिक वनस्पती समुदाय व बायोम यांचे स्थलांतर होऊ शकते.’ बायोमला, म्हणजे एकाच प्रकारच्या हवेत वाढलेल्या झाडं-प्राण्यांच्या मोठ्या पट्ट्याला, कुणी जीवसंहती लिहितं, कुणी जैवविभाग, कुणी बायोमच ठेवतं. आणि झाडांचं ‘स्थलांतर’ मला खटकतंय. वाचणार आठवी-नववीची पोरं आणि त्यांचे पालक. काय लिहू?

माळकरी: स्थलांतर नकोच. ते ऊसतोड मजुरांचं, नाहीतर पाखरांचं. ‘पट्टा सरकणे’ लिहा. पावसाचा पट्टा, भाताचा पट्टा, उसाचा पट्टा म्हणतोच की आपण.

बिंदू चौक: बायोमला ‘रान’ का नको? रान सरकतंय. सुटसुटीत आहे.

माळकरी: भावा, आमच्यात रान म्हंजे शेत. ‘आबा रानात गेल्यात’ म्हटल्यावर कुणी बिबट्याच्या काळजीनं कासावीस होत नाही. पोरं म्हणतील, आमचं शेत कुठं सरकलं? मोजणी आणायला पाहिजे.

घाटमाथा: ताई, आधी नाम ठरवू, मग क्रियापद. इथं तीन वेगळ्या मापाच्या गोष्टी एकात मिसळल्यात.

जीवसंहती हा शब्द खंडाच्या नकाशावरचा. वाळवंट, गवताळ प्रदेश, उष्ण कटिबंधातलं पानझडी वन, असा. जिल्ह्याच्या मापाला वनखात्याचा ‘वनप्रकार’ चांगला. चॅम्पियन आणि सेठ या वन-अभ्यासकांच्या 1968 च्या वर्गीकरणात भारतातल्या वनांचे 16 मुख्य गट आहेत, आणि सदाहरित, निमसदाहरित, पानझडी, काटेरी हे शब्द मराठीत रुळलेत. समुदाय म्हणायचं तर झाडांची नावं घेता आली पाहिजेत. महाबळेश्वर-कोयनेकडच्या सदाहरित वनाला अभ्यासक अंजनी-जांभूळ-पिसा असं तिन्ही झाडांच्या नावानंच ओळखतात. तो खरा समुदाय.

आता कोल्हापूर. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, शिरोळला पाचशे-सहाशे. मधलं अंतर शंभरेक किलोमीटर. पश्चिमेला निमसदाहरित वन, पूर्वेकडं येत गेलं की ऐन-किंजळीची पानझडी झाडी, आणि पार पूर्वेला बोरी-बाभळीचा गवताळ माळ. फलकावर एवढं आलं तरी ‘वनप्रकार’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक फलकांवर राहून जाते. पाऊस किती पडतो याइतकंच, कोरडे महिने किती हेही झाडांना महत्त्वाचं असतं. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळात, कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा. आपल्याकडं तो सात-आठ महिन्यांवर जातो. म्हणून गगनबावड्यात केरळाएवढा किंवा जास्त पाऊस पडूनही तिथली कित्येक झाडं इथं दिसत नाहीत. उद्या वार्षिक आकडा तसाच राहिला आणि पाऊस कमी दिवसांत कोसळून जायला लागला, तर पर्जन्यमापकाला काही वेगळं वाटणार नाही, पण अंजनीच्या रोपाला मे महिना काढणं अवघड जाईल. ‘हवा मानवणे’ हा आपला वाक्प्रयोग इथं नेमका बसतो.

करवीर: अवांतर, पण राहवत नाही. ही विभागणी आपल्याकडं जुनीच आहे. चरकसंहितेत देशाचे तीन प्रकार सांगितलेत: जांगल, आनूप, साधारण. जांगल म्हणजे कोरडा, उघडा, खैर-शमीसारखी झाडं असलेला. आनूप म्हणजे पाणथळ आणि गर्द. साधारण दोन्हींच्या मधला. त्या हिशेबानं गगनबावडा आनूप, शिरोळ जांगल आणि आम्ही करवीरवाले साधारण! गंमत म्हणजे ‘जंगल’ हा त्याच जांगलचा वंशज, आणि आज त्याचा अर्थ गर्द झाडी. विसाव्या शतकात कोपेन या हवामानशास्त्रज्ञानं जगाचे हवामान-विभाग पाडले तेही झाडोरा प्रमाण धरूनच. तो मुळात वनस्पतिशास्त्राकडून आलेला होता.

बिंदू चौक: मग ‘आनूप जांगल होईल’ असं लिहा की. एका ओळीत काम.

करवीर: लिहा. आणि फलकाशेजारी मला उभं करा, अर्थ सांगायला.

घाटमाथा: क्रियापदाकडं येतो. ‘पट्टा सरकतो’ हे ऐकायला छान आहे, पण त्यात एक गृहीतक लपलंय: सगळी झाडं बिऱ्हाड बांधून एकदमच निघतात. यावर अमेरिकेत जुना वाद आहे. फ्रेडरिक क्लेमेंट्स हा वनस्पतितज्ज्ञ 1916 च्या सुमारास वनस्पती समुदायाला एखाद्या सजीवासारखा मानत होता. हेन्री ग्लीसननं 1926 मध्ये उलट मांडलं: प्रत्येक जात आपापल्या गरजेनं वाढते, एकत्र दिसतात कारण गरजा तिथं जुळतात. पुढं तळ्यांच्या गाळातले परागकण तपासल्यावर ग्लीसनचं पारडं जड झालं. हिमयुग ओसरताना उत्तर अमेरिकेतली झाडं वेगवेगळ्या वेगानं, वेगवेगळ्या वाटांनी उत्तरेला गेली. मध्ये काही हजार वर्षं अशा जोड्या शेजारी नांदल्या, ज्या आज कुठंच एकत्र सापडत नाहीत.

आपल्या जवळचा दाखला नीलगिरीचा. तिथल्या पीटच्या (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या) थरांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे कमीजास्त वजनाच्या कार्बन-अणूंच्या प्रमाणावरून, गेल्या 20,000 वर्षांत गवताच्या प्रकारांचं प्रमाण हवेबरोबर खालीवर होत आलंय असं दिसतं. म्हणजे बदल नवा नाही. पण तेव्हा मध्ये उसाचे फड, हमरस्ते आणि धरणाचं पाणी नव्हतं.

म्हणून माझं मत: नकाशाबद्दल बोलताना ‘सरकणे’ चालेल, झाडांबद्दल बोलताना ‘विसकटणे’.

सडा: मी ‘सरकणे’च्या विरोधात. मसाई पठारावर या एकदा सप्टेंबरात. जांभ्यावर बोटभर माती, त्यात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू ही इवली फुलझाडं. उंचीबरोबर हवा थंड होते, साधारण दीडशे मीटरला एक अंश, म्हणून पुस्तकं सांगतात की तापमान वाढलं की झाडं डोंगर चढतात. चढू देत. सड्याच्या, म्हणजे या जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, वर आहे काय? आभाळ. आणि उत्तरेला जावं म्हटलं तर हवा सरकेल, जांभा सरकणार नाही. या झाडांसाठी ‘सरकणे’ म्हणजे खोटा दिलासा. ‘विरळणे’ लिहा, नाहीतर ‘नाहीशी होणे’.

पंचगंगाकाठ: हे पटलं. पण फलकावर आकडा हवा असा आग्रह आहे. किती टक्के वनं बदलणार?

घाटमाथा: आकडा देणार असाल तर दोन द्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 2006 मध्ये हवेवरून झाडोऱ्याचा अंदाज बांधणारं एक संगणकी प्रारूप वापरलं. जास्त उत्सर्जनाच्या शक्यतेत, शतकाच्या अखेरीला भारताच्या वनक्षेत्राच्या नकाशावर आखलेल्या चौकटींपैकी 77 टक्के चौकटींत वनप्रकार बदलेल असं त्यातून आलं. 2011 मध्ये दुसऱ्या प्रारूपानं तोच आकडा 39 टक्क्यांच्या आसपास आणला. दोन्हींत दिशा एकच, माप मात्र निम्म्यावर. म्हणून ‘बदलेल’ नको, ‘बदलू शकेल’ ठेवा. मूळ वाक्यातला ‘शकते’ तेवढा बरोबर आहे.

शिवाय हे आकडे हवेचे आहेत, वणवा, चराई, कुऱ्हाड आणि रानमोडी या बाहेरून आलेल्या तणाचे नाहीत.

माळकरी: माळाबद्दलही दोन ओळी टाका. बावड्याच्या हिरव्या झाडीचा फोटो सगळे छापतात, पूर्वेचा माळ सातबाऱ्यावर पोटखराबा आणि फलकावर ‘पडीक’. याच माळांवर कोल्हापूरच्या छत्रपतींचे चित्तेवान शिकारी चित्ते घेऊन काळविटांमागं जायचे. पडीक कसला? हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झुडपांना गवतापेक्षा जास्त फायदा होतो, म्हणजे तिथं गवताचं माळरान जाऊन काटेरी झुडूप येण्याचा धोका. ‘झाडं वाढली’ म्हणून पेढे वाटाल आणि माळ गेलेला असेल.

पंचगंगाकाठ: असं केलंय, बघा: ‘हवामान बदललं तर आपल्या जिल्ह्यातल्या झाडांच्या सोबती सुटू शकतात. काही जाती जागा बदलतील, काही आहेत तिथंच विरळ होतील. आजचे वनप्रकार आणि माळ उद्या याच सीमांत राहतील असं नाही.’ जीवसंहती मथळ्यात एकदाच, खाली एका ओळीत अर्थ.

करवीर: ‘सीमांत’ काढा. सीमांत शेतकरी आठवतो. ‘याच हद्दीत’.

पंचगंगाकाठ: काढला.