मेळघाटातल्या मुलांची मानसिक तपासणी कोरकूत व्हायला हवी की नको?

पळसवाडी:
अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यात शिकवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्या आणि शाळा तपासतं, आणि वाढीत मागे वाटणाऱ्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि चांगला आहे. केंद्रात मानसशास्त्रज्ञाचं पदही असतं. पण धारणी-चिखलदऱ्यातली बरीच मुलं घरी फक्त कोरकू बोलतात, आणि तपासणी होते मराठीत किंवा हिंदीत.

आमच्या पहिलीतल्या एका मुलाला केंद्रात पाठवलं होतं. मी सोबत गेले होते. आईला विचारलं, गरोदरपणी काही त्रास झाला का, बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का, घरात कोणी दारू पितं का. हे सगळं कोरकूत सांगत होता शेजारचा आठवीतला मुलगा, कारण दुसरं कोणी नव्हतं. आई खाली मान घालून प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणत गेली. त्या "नाही"वर अहवाल तयार झाला.

माझं मत स्पष्ट आहे. या जिल्ह्यात केंद्रातल्या मानसशास्त्रज्ञाच्या पदासाठी कोरकू येणं ही अटच असावी.

नर्मदाकाठ:
ताई, तळमळ समजते, पण अट घातली तर पद कायमचं रिकामं राहील. आरोग्य खात्यात भरतीचं काम पाहिलंय म्हणून सांगतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठी आतापर्यंत बहुतेक जण एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. करत आले, आणि त्याच्या जागा मोजक्या. एवढं शिकलेला माणूस कंत्राटी पगारावर यायला तयार होत नाही, त्यात कोरकू येणारा कुठून आणायचा? कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे मराठीहून वेगळ्या कुळातली भाषा आहे, मराठी माणसाला सहा महिन्यांत येत नाही. आशाताई गावातल्याच असतात, दुभाषी म्हणून त्यांना बसवा. आज जमण्यासारखं तेच आहे.

पळसवाडी:
आशाताई त्याच पाड्यावरची असते, बहुतेक वेळा नात्यातली. नवरा मारतो हे कुठली बाई नणंदेसमोर सांगेल? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की संमती घेताना माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यायची. आपण ती आठवीतल्या पोराच्या तोंडून देतो.

सावरी:
मी मुलांच्या चाचण्या घेते, मेळघाटात नाही, दुसऱ्या आदिवासी भागात. नर्मदाकाठ, एक गोष्ट तुमच्या लक्षात आणून देते. भाषा न येणाऱ्या मुलाला आम्ही बहुधा सेग्विन फॉर्म बोर्ड देतो. लाकडी पाटीत दहा आकाराच्या खाचा, त्यात ठोकळे बसवायचे. बोलायचं काही नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण गुण किती वेळ लागला यावर असतात, तीन खेपांतली सगळ्यात कमी वेळ धरतात. "जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर लाव" हे मुलाला कळलंच नाही तर ते ठोकळा हातात फिरवून बघतं, कडा चाचपतं, मग शांतपणे बरोबर जागी ठेवतं. एकही चूक नाही, आणि कागदावर मात्र मानसिक वय दोन-तीन वर्षांनी खाली येतं. बिने-कामत ही बुद्धिमत्ता चाचणीही मुळात कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतलेली आहे.

उलटंही होतं, आणि त्याची मला जास्त भीती वाटते. खरंच स्वमग्न असलेलं मूल "भाषा येत नाही म्हणून बोलत नाही" असं समजून परत पाठवलं जातं. शिकवण्याची सगळ्यात मोलाची वर्षं त्यातच जातात. दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्क्यांची रेघ असते. मूल रेघेच्या कुठल्या बाजूला पडलं यावर घरचा पुढचा सगळा खर्च ठरतो.

सिपना:
मी कोरकू आहे. माझ्या पुतण्याला घेऊन मीच गेलो होतो. तुमचं सगळ्यांचं भांडण भाषेवर चाललंय, पण धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास किलोमीटर आहे, तेही घाटातून. दोन माणसांची मजुरी बुडते. पहिल्यांदा गेलो, साहेब रजेवर. दुसऱ्यांदा वहिनी आलीच नाही, भूमकाकडे, म्हणजे आमच्या पारंपरिक वैदूकडे, घेऊन गेली, कारण तो पाड्यावरच बसतो आणि विचारतो ते तिला कळतं. हिंदी बोलणारा डॉक्टर धारणीत दर बाजाराच्या दिवशी बसला तर आमचे लोक येतील. कोरकू बोलणारा अमरावतीत बसला तर नाही येणार.

पळसवाडी:
दादा, अंतराचं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण हिंदीवर भागेल हे नाही. बाजारातली हिंदी तुम्हाला येते, वहिनींना कितपत येते? सौदा करण्यापुरती हिंदी आणि पोटातलं सांगण्याची हिंदी यात फरक आहे.

सिपना:
वहिनीला कमी येते. हे खरं आहे.

नर्मदाकाठ:
सावरींनी सांगितलेलं फॉर्म बोर्डचं उदाहरण मी वरिष्ठांपुढे ठेवेन, ते मला माहीत नव्हतं. तरीही पात्रतेच्या अटीला माझा विरोध कायम आहे. त्याऐवजी दोन मागण्या करा. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग, आणि पगारी कोरकू दुभाषी. बारावी झालेली स्थानिक मुलगी, दुसऱ्या पाड्यावरची, गोपनीयतेचं प्रशिक्षण दिलेली.

सावरी:
दुभाषी हवीच, पण चाचणीच्या सूचना तिने ऐन वेळी मनाने सांगायच्या नाहीत. आधी कोरकूत लिहून, मुलांवर वापरून पक्क्या करायच्या. देवनागरीत लिहिता येतात. दोन शिक्षक आणि एक मानसशास्त्रज्ञ बसले तर हे काम होण्यासारखं आहे.

पळसवाडी:
शिक्षक मी देते. निवेदनात दुभाषी, बाजाराचा दिवस आणि लिहिलेल्या सूचना, तिन्ही घालते. आणि चौथी मागणी माझी: कोरकू मुलामुलींना एम.ए. आणि पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, धारणीत नोकरी करण्याच्या बंधपत्रासह. अट आज नको तर दहा वर्षांनी घाला, पण तारीख लिहून द्या.

नर्मदाकाठ:
शिष्यवृत्तीला माझी हरकत नाही. तारखेला आहे.